तान्ह्या मुलाचें अन्न आणि घरचें धान्य

शेतकीच्या मासिकांत तान्ह्या मुलाच्या आहाराचा विषय कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्यास आमचें उत्तर असें कीं, बाळाचें पहिलें अन्न शेतांतच पिकतें आणि कणगींतून निघून जात्यावर येईपर्यंत तें शेतकऱ्याच्याच हातीं असतें. भाताच्या रोपाला पाणी केव्हां द्यावें व वासराला चीक किती पाजावा हें ज्या घरांत चोख ठाऊक असतें, त्याच घरांत सात महिन्यांच्या मुलाला काय व किती भरवावें याची चौकशी पुरुषमंडळी करीत नाहींत. तें काम बायकांचें म्हणून सोडून दिलें जातें. २०१९-२१ सालच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकीं सुमारें ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. हीं सगळीं मुलें उपाशी घरांतलीं नाहींत. धान्यानें भरलेल्या घरांतहि अशीं मुलें आहेत, आणि त्यांची वाढ मुख्यतः पहिल्या दोन वर्षांतच खुंटते. पीक एकदां रोपांत खुरटलें म्हणजे मागाहून कितीहि खत ओतलें तरी तें पूर्वीसारखें भरत नाहीं, हा अनुभव शेतकऱ्यांस नवा नाहीं.

प्रथम जन्माच्या वेळेचा विचार करूं. गाय व्याली म्हणजे वासराला पहिल्या तासा-दोन तासांत चीक मिळालाच पाहिजे, हें लहान पोरासहि सांगावें लागत नाहीं. वासरूं गर्भांत असतांना रोगाशीं झगडणारीं द्रव्यें त्याच्या रक्तांत उतरत नाहींत. तीं चिकांतूनच येतात, आणि एक दिवस उलटला म्हणजे आंतड्यांतून तीं शोषून घेण्याची त्याची शक्ति जवळजवळ संपते. मनुष्याच्या मुलाची गोष्ट थोडी वेगळी आहे. कांहीं द्रव्यें त्याला वारेंतून आधींच मिळालेलीं असतात. परंतु आंतड्याच्या आंतल्या अंगाचें रक्षण करणारीं द्रव्यें मात्र आईच्या चिकांतूनच मिळतात. असें असतां, वासराचा चीक जपणाऱ्या घरांतच बाळंतिणीचा पिवळा चीक जड म्हणून पिळून टाकण्याची व बाळाला मध किंवा गूळपाणी चाटविण्याची चाल अद्याप पुष्कळ ठिकाणीं आहे. ही चाल मोडली पाहिजे. जन्मानंतर तासाभराच्या आंत मूल आईच्या अंगावर घ्यावें. मध तर वर्ष पुरें होईपर्यंत बोटानेंहि लावूं नये. त्यांत क्वचित् एका जंतूचे बीजाणु असतात; मोठ्या माणसास ते बाधत नाहींत, पण तान्ह्याच्या आंतड्यांत ते रुजतात व अंग लुळें पाडणारें विष उत्पन्न करतात.

नाळेवर राख, शेण, हळद, तेल यांपैकीं कांहींहि लावूं नये. ती कोरडी व उघडी ठेवावी. धनुर्वाताचे बीजाणु शेणखतांत व मातींत वर्षानुवर्षें जिवंत राहतात, हें आम्हां शेतकऱ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावें. गरोदर स्त्रियांस टोचलेली लस व स्वच्छ बाळंतपण यांच्या योगानें नवजात मुलांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें भारतापुरतें २०१५ सालीं प्रमाणित झालें. पण मातींतला जंतु कांहीं नाहींसा झालेला नाहीं. पहिल्या दिवशीं बाळाला न्हाऊं घालूं नये. अंग पुसून, टोपडें घालून त्याला आईच्या उघड्या छातीशीं ठेवावें. दुसऱ्या कोणत्याहि शेकापेक्षां ही ऊब चांगली. पोट फुगलें किंवा मूल रडूं लागलें म्हणून पोटावर डाग देण्याची जी रीत डोंगराळ भागांत कोठें कोठें उरली आहे, तिच्याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. ती निव्वळ क्रूर आहे.

या काळांत घरच्या घरीं किती साधतां येतें, याचा दाखला गडचिरोली जिल्ह्यानें दिला आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं तेथील ३९ गांवांत १९९५ ते १९९८ या वर्षांत गांवांतल्याच स्त्रियांस शिकवून त्यांच्याकडून घरोघर नवजात मुलांची पाहणी करविली. तिसऱ्या वर्षीं त्या गांवांतील नवजात मुलांचे मृत्यु, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचें दिसून आलें. हा वृत्तांत १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें २०११ सालापासून हीच पद्धति देशभर आशा कार्यकर्तींच्या हातीं देण्यांत आली. दवाखान्यांत बाळंतपण झालें असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं ती घरीं येते. सोयर आहे म्हणून तिला अंगणांतूनच परत पाठवूं नये. मूल प्यायचें थांबलें, अंग गार पडलें किंवा तापलें, मिनिटास ६० हून अधिक श्वास होऊं लागले, अथवा श्वास घेतांना छाती आंत ओढली जाऊं लागली, तर रात्र असो वा पाऊस असो, सकाळची वाट न पाहतां दवाखाना गांठावा.

पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून दुसरें कांहींहि देऊं नये, असा नियम जागतिक आरोग्य संघटनेनें २००१ सालापासून घालून दिला आहे. कांहींहि म्हणजे पाणीहि नाहीं, बाळघुटीहि नाहीं. वैशाखांत मुलाला पाण्यावांचून कसें ठेवावें, असें आजीबाई विचारतात. तर आईच्या दुधांत शंभरांत सुमारें ८८ भाग पाणीच असतें. आईनें मात्र भरपूर पाणी प्यावें व एक जेवण जादा जेवावें. दूध देणाऱ्या स्त्रीस रोज सुमारें ६०० उष्मांक अधिक लागतात. दुभत्या म्हशीचा खुराक वाढविणारे आम्ही लोक बाळंतिणीला पथ्याच्या नांवाखालीं भाजी, डाळ व फळें तोडतों, हें उलटें आहे. लावणी-खुरपणीच्या दिवसांत तिला शेतावर बोलावूं नये, हें सर्वांत बरें. अगदीं निरुपाय असेल तर मूल बांधावर सावलींत आणून ठेवावें; अथवा तिनें स्वच्छ हातांनीं दूध काढून झांकणाच्या उकळलेल्या भांड्यांत गार जागीं ठेवावें व तें तीन तासांच्या आंत वाटी-चमच्यानें पाजावें. बाटली घरांत आणूंच नये; तिचें बूच व तिचें तोंड धुवून स्वच्छ होतें असें म्हणणाऱ्यानें तें एकदां उजेडांत धरून पाहावें.

सहा महिने भरले म्हणजे आईचें दूध पुरेनासें होतें. तें वाईट होतें असें नव्हे, तें दोन वर्षें व पुढेंहि चालू ठेवावें. पण जन्मतःच मुलानें अंगांत आणलेला लोहाचा सांठा आतां सरत आलेला असतो व दुधांतलें लोह अल्प असतें. उष्टावणाचा विधि आमच्या पूर्वजांनीं ज्या सुमारास ठेवला आहे, तो काळ बरोबर हाच आहे. दोष विधींत नाहीं, त्याच्या पुढच्या महिन्यांत आहे. उष्टावणाच्या दिवशीं खिरीचा एक घास लागतो, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या वाट्याला येतें तें भाताचें किंवा डाळीचें वरचें पाणी. मूल लहान, त्याला पातळच पचेल, अशी समजूत. या समजुतीचा हिशेब एकदां करून पाहूं.

सात किलो वजनाच्या मुलाच्या पोटांत एका वेळीं २०० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे एक मोठी वाटी, मावतें. सहा ते आठ महिन्यांच्या वयांत आईच्या दुधाखेरीज त्याला रोज सुमारें २०० उष्मांक वरच्या अन्नांतून लागतात. शंभर भाग पाण्यांत पांच भाग पीठ घालून केलेली पातळ पेज घेतली, तर वाटीभर पेजेंत पीठ १० ग्रॅम व उष्मांक अवघे ३५. २०० उष्मांक भरण्यास अशा जवळजवळ सहा वाट्या पाजाव्या लागतील. मग आईचें दूध कोठें मावणार? पोट तट्ट भरलेलें व मूल उपाशी, अशी ही स्थिति आहे, आणि तें झोपतें म्हणून घरच्यांस समाधान वाटतें. उलटपक्षीं शंभर भागांत पंधरा भाग पीठ घालून दाट शिजविलें व वर चहाचा चमचाभर तूप घातलें, तर अर्ध्या वाटींतच शंभराच्या जवळ उष्मांक येतात. दोन वेळां अर्धी अर्धी वाटी दिली कीं काम झालें.

अडचण एवढीच कीं, असें दाट शिजविलेलें पीठ निवतांच गोळा होतें व सहा-सात महिन्यांच्या मुलाला तें गिळवत नाहीं. म्हणून आई त्यांत पाणी ओतते, आणि आपण पुन्हां पातळ पेजेवर येतों. हें कोडें सोडविण्याची किल्ली आमच्या स्वयंपाकघरांत फार जुनी आहे. ती म्हणजे मोड.

दाणा रुजूं लागला म्हणजे त्यांतला पिठूळ अंश कोंबाच्या उपयोगीं पडावा म्हणून तोडणारें एक पाचक द्रव्य दाण्यांतच तयार होतें. जें काम तें कोंबासाठीं करतें तेंच कढत पेजेंतहि करतें. पाण्यानें फुगून एकमेकांत गुंतलेले पिठाचे लांब धागे तें तोडतें व घट्ट पेज पाहतां पाहतां सैल होते. पीठ तेवढेंच, सत्त्व तेवढेंच, पण आतां तें गिळतां येतें. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रसंशोधन संस्थेंत मोड आणलेली नाचणी व मूग यांचें शिशु-अन्न १९८० नंतरच्या दशकांत याच तत्त्वावर बसविण्यांत आलें. त्याच सुमारास बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत तारा गोपालदास यांनीं मोडाचें थोडेंसें पीठ दाट पेजेंत घालण्याची घरगुती रीत अभ्यासिली. या कामास नाचणी हें धान्य सर्वांत सोयीचें. तें लवकर रुजतें, मोड येतांना सहसा बुरसत नाहीं, व शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम चुना असतो. तांदुळांत तो दहा मिलिग्रॅमच्या आसपास.

आतां कृति सांगतों. एक किलो नाचणी निवडून, खडा-माती काढून तीन-चार पाण्यांनीं धुवावी व रात्रभर, सुमारें बारा तास, भिजत घालावी. सकाळीं पाणी पूर्ण निथळून ती ओल्या स्वच्छ फडक्यांत सैलसर बांधून टांगावी व दिवसांतून दोन-तीनदां पाणी शिंपडावें. उन्हाळ्यांत दीड दिवसांत, थंडींत दोन ते अडीच दिवसांत मोड पुरेसे येतात. दाण्याच्या दुप्पट लांबीचा मोड झाला कीं थांबावें. नाचणी बुळबुळीत झाली किंवा आंबूस वास आला तर ती गुरांपुढें टाकावी. बाळासाठीं ती गेली. चांगले मोड आलेले दाणे स्वच्छ कापडावर पातळ पसरून, वर जाळीचें फडकें घालून, कडक वाळवावे. मग तळहातांत चोळून मोड गळवावे व सुपानें पाखडावे.

येथें एक नाजूक गोष्ट आहे. पुष्कळ घरीं ही नाचणी खमंग होईपर्यंत भाजतात. वास छान येतो, पण फार तापविल्यानें तें पाचक द्रव्य मरून जातें व मोड आणण्याचा अर्धा लाभ वाया जातो. म्हणून वाळलेल्या नाचणीचे दोन वांटे करावे. मोठा वांटा मंद आंचेवर भाजून दळावा. तें रोजचें पीठ. लहान वांटा, पांचांत एक एवढा, न भाजतां वेगळा दळून ठेवावा. तें विरजण समजावें. तीन चमचे रोजचें पीठ दीड वाटी गार पाण्यांत गुठळी न होऊं देतां कालवून सात-आठ मिनिटें ढवळीत शिजवावें. पाणी आटून तें चांगलें दाट होतें. भांडें उतरून, बोट जेमतेम सोसेल इतकें तें निवलें म्हणजे त्यांत चहाचा एक चमचा विरजणाचें पीठ घालून ढवळावें. पांच-सात मिनिटांत पेज सैल होईल. मग ती पुन्हां चुलीवर ठेवून दोन मिनिटें चांगली उकळावी. हें चुकवूं नये, कारण न भाजलेल्या पिठांत जंतु असूं शकतात. चमचा तिरका केला असतां पेज पाण्यासारखी ओघळूं नये, हळू घसरावी, ही तिची खूण.

सत्त्व काढण्याची दुसरीहि एक रीत आहे. नाचणी दोन-तीन दिवस भिजवून, ओली वांटून, वस्त्रगाळ करून खालचा साका वाळवितात. तें सत्त्व दिसावयास पांढरें शुभ्र व पचावयास हलकें. पण आमचें मत त्यास अनुकूल नाहीं. साक्यांत मुख्यतः पिठूळ अंशच उरतो. नाचणीचा चुना बराचसा सालींत असतो, तो चोथ्याबरोबर गोठ्यांत जातो व म्हशीच्या हाडांस बळकटी येते.

देशावरच्या वाचकांनीं विचारावें कीं, नाचणी नाहीं तर ज्वारी चालेल काय? भाजून दळलेली ज्वारी चालेल. पण ज्वारीस मोड आणून बाळास देऊं नये. कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरची फूट खाऊन जनावर कसें दगावतें हें सर्वांस माहीत आहे. तेंच विष ज्वारीच्या मोडांतहि असतें. विरजणासाठीं गव्हाचे मोड घ्यावे, ते निर्धोक आहेत. बाजरींत लोह नाचणीपेक्षां अधिक आहे, मात्र तिचें पीठ लवकर कडू होतें, यास्तव आठवड्यापुरतेंच दळावें.

एकटें धान्य पुरत नाहीं. धान्याच्या प्रथिनांत जो घटक तोकडा पडतो तो डाळींत असतो, व डाळींत जो कमी तो धान्यांत. म्हणून चार भाग धान्यास एक भाग मूग किंवा भाजलेली चण्याची डाळ मिसळून दळावी. मुगास मोड आणून, वाळवून, भाजून, साल पाखडून घेतल्यास अधिक चांगलें. पेजेवर चमचाभर तूप किंवा घाण्याचें तेल रोज घालावें. भरवितांना चार थेंब लिंबू पिळलें तर धान्यांतलें लोह अंगीं अधिक लागतें. हळूहळू शिजवून कुसकरलेला तांबडा भोपळा, शेवग्याचा कोंवळा पाला, पिकलें केळें, पपई द्यावी. ज्यांच्या घरीं चालतें त्यांनीं सातव्या महिन्यापासून पूर्ण उकडलेलें अंडें व काटे काढलेली मासळी कुसकरून द्यावी. लोहाच्या बाबतींत यांची बरोबरी धान्य करूं शकत नाहीं. गाईचें दूध वर्षापूर्वीं पोटभर पाजूं नये, त्यांत लोह नाममात्र असतें. मीठ, साखर व गूळ पहिल्या वर्षीं घालूं नये. गुऱ्हाळें चालविणाऱ्या वाचकांस गुळाविषयींचें हें मत रुचणार नाहीं याची आम्हांस कल्पना आहे. पण मुलाला गोडाची ओढ लावली म्हणजे तें साधी पेज थुंकून टाकतें.

आतां जी गोष्ट शेतकऱ्याच्याच घरीं विशेष संभवते तिच्याकडे वळतों. पेरणीनंतर उरलेलें औषध लावलेलें बियाणें धुवून दळण्याचा मोह कोणीहि धरूं नये. धुतल्यानें विष जात नाहीं. कोठींत किडीसाठीं घालण्याच्या फॉस्फाइडच्या गोळ्या दमट हवेनें विषारी वायु सोडतात. त्या ठेवलेल्या धान्याच्या खोलींत बाळंतीण व मूल निजवूं नये, याहून स्पष्ट आम्हांस लिहितां येत नाहीं. पिठांत भुईमुगाचे दाणे घालावयाचे असल्यास काळवंडलेले, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे एकेक करून काढून टाकावे. त्या बुरशीचें विष भाजल्यानेंहि पुरतें जात नाहीं. फवारणी करून आलेल्यानें अंघोळ करून, कपडे बदलून मगच मूल घ्यावें.

विहिरीचीहि चौकशी करावी. १९४५ सालीं अमेरिकेतील आयोवा संस्थानांत कॉम्ली नांवाच्या वैद्यानें असें दाखविलें कीं, शेतावरच्या विहिरींच्या पाण्यांत कालविलेलें दूध पिऊन कांहीं तान्हीं मुलें निळीं पडत होतीं. पाण्यांतलें नायट्रेट त्यांच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति हिरावून घेत होतें. भारतांत पिण्याच्या पाण्यांतील नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकिरडा, गोठा व युरियाचे ढीग ज्या विहिरीच्या कांठीं आहेत, तेथें ती सहज ओलांडली जाते. पाणी उकळल्यानें जंतु मरतात. नायट्रेट मात्र जात नाहीं, पाणी आटेल तसें तें दाट होतें. पाण्याची तपासणी करून घ्यावी, व तोंपर्यंत बाळाची पेज दुसऱ्या पाण्यांत करावी.

भरविण्यास आरंभीं दोन-तीन चमचे, दिवसांतून दोनदां, पुरेत. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळां अर्धी अर्धी वाटी, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, असें वाढवीत जावें. आरंभीं मूल अन्न जिभेनें बाहेर ढकलतें. त्यास तें आवडलें नाहीं असें समजूं नये, त्याला अद्याप गिळण्याची रीत आलेली नसते. नाक दाबून, आडवें पाडून भरवूं नये. सकाळची पेज दुपारीं ठेवूं नये. जुलाब झाले म्हणून अन्न किंवा अंगावरचें दूध बंद करूं नये. जलसंजीवनी द्यावी, जस्ताच्या गोळ्यांविषयीं आरोग्यसेविकेस विचारावें, व बरें झाल्यावर पंधरा दिवस एक वेळचा घास अधिक द्यावा. सहा महिन्यांनंतर सरकारी आरोग्यकेंद्रांतून मिळणारें लोहाचें औषधहि न चुकतां पाजावें.

शेवटीं सांठ्याचा हिशेब. सहाव्या महिन्यापासून वर्ष पुरें होईपर्यंत एका मुलास सुमारें सात किलो मिश्र पीठ लागतें. मोड, कोंडा व पाखडण यांची घट धरून त्यासाठीं नाचणी सात किलो व मूग दीड किलो बाजूस काढावे. हेक्टरीं दहा क्विंटल उत्पन्न धरलें तर गुंठ्यास दहा किलो नाचणी येते. म्हणजे एका मुलाचें वर्षाअखेरपर्यंतचें अन्न एका गुंठ्यांत निघून कांहीं उरतेंहि. ज्या घरीं पाळणा हलावयाचा असेल तेथें हें धान्य झोडणीच्या वेळींच निराळ्या डब्यांत, औषध न लावतां, उन्हांत कडक वाळवून भरावें. पीठ महिन्यापुरतेंच करावें. पावसाळ्यांत मोड वाळत नाहींत, म्हणून ज्येष्ठांतच तीन महिन्यांचे मोड आणून, वाळवून, दाणे अख्खेच घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावे व लागतील तसे दळावे.